वाटी तुझ्या मांडीवर होती

दत्ता,

शनिवारी तुझ्या नावाने आम्ही पुन्हा गोल करून बसलो. तुझ्याच सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, गुरुग्रामला. मधे तुझा फोटो, फोटोपुढे लॅव्हेंडरच्या वासाची मेणबत्ती, भोवती आम्ही. आमच्या कंपनीच्या एचआरची शिल्पी हळू आवाजात म्हणाली की डीके सरांना सगळ्यांनी एकेका शब्दात निरोप द्यायचा, कारण सरांना फार बोललेलं आवडायचं नाही. तुला, दत्ता! ज्याचं बोलणं सुरू झालं की समोरच्याचा चहा गार व्हायचा, त्या तुला! मी इकडेतिकडे बघितलं, कुणीतरी हसेल म्हणून. कुणी हसलं नाही. 'ग्रेटफुल' झालं, 'लाइट' झालं, एकजण 'जर्नी' म्हणाला. आमचे एमडी चढ्ढासाहेब बराच वेळ डोळे मिटून बसले आणि मग म्हणाले, "लेगसी." माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडात एक अस्सल मराठी शब्द होता, पण तिथे लहान मुलं होती. म्हणून मी "पास" म्हटलं. शिल्पीने त्यावरही मान डोलावली.

तुझी अलका तुझ्या फोटोशेजारी बसली होती. तिच्यावर शब्द सांगायची पाळी आणली नाही, एवढी तरी लाज राखली यांनी. ती माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "ताई, हे लोक काय खेळतायत?"

मी तिला काय सांगणार होते, की हाच खेळ खेळता खेळता तुझा नवरा गेला म्हणून?

तिला काय सांगितलंय ठाऊक आहे? सर ध्यानात होते, चेहऱ्यावर विलक्षण शांती होती, कळलंसुद्धा नाही त्यांना. चढ्ढासाहेबांनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं, "भाभीजी, ऐसी मौत तो संतों को मिलती है." अलकाने ते वाक्य घट्ट धरून ठेवलंय. तिने ते बार्शीला तुझ्या आईला सांगितलं, आणि आता तुझी आई शेजारणींना सांगते की आमचा दत्ता देवाचं नाव घेत बसल्या बसल्या गेला. देवाचं नाव! दत्ता, तुला मी तीस वर्षं ओळखते. तू देवाचं नाव फक्त मेट्रो चुकली की घ्यायचास.

आपल्या दिल्लीच्या मराठी मंडळाच्या जोशींचा फोन आला होता. अंकासाठी दोन-तीन पानं लिहून द्या म्हणाले, "जन्म, शिक्षण, नोकरी वगैरे आम्ही चौकटीत टाकतो, तुम्ही आपल्या गोड आठवणी लिहा." त्यांना वाटलं, मयूर विहारातल्या सुनंदाताई, गणपतीत अथर्वशीर्षाला पहिल्या रांगेत असतात, छान हळवं लिहितील. लिहिते. पण गोड नाही जमणार. तू ध्यानात गेला नाहीस. तू बारा माणसांच्या समोर, दिवसाढवळ्या, छाती आवळत गेलास आणि आम्ही बारा जण मांडी घालून बसून राहिलो. त्या बारातली एक मी. हे अलकाला कुणी सांगितलेलं नाही. आज हे लिहायला घेतलंय तोवर मीही नाही.

आधी मुनिरक्याच्या त्या भाड्याच्या खोल्यांचं सांगू दे, कारण सगळी गडबड तिथूनच सुरू झाली. तू बार्शीचा, मी परभणीची, दोघांनाही कलेक्टर व्हायचं वेड. खाली मी आणि दोन मुली, वरच्या मजल्यावर तू आणि तीन मुलगे, आणि मधल्या जिन्यात कायम कुणाचं तरी धुणं वाळत. क्लासमधले ते सर आठवतात? राज्यघटनेवर बोलता बोलता स्वतःच्या सासऱ्यांवर घसरायचे. मी तुझ्याकडे बघून भुवई उडवायचे, म्हणजे 'पुरे कर म्हणावं आता याला'. तू उलट डावी भुवई उडवायचास. तुला उजवी यायचीच नाही, खूप प्रयत्न केलास तरी. एवढ्यावर आपली दोस्ती झाली, यार. दुसरं काही भव्यदिव्य नव्हतं.

मग ती पूर्वपरीक्षेची यादी. माझा नंबर होता, तुझा नव्हता. तू गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसलास आणि मी तुझ्या शेजारी. ऊन कलेपर्यंत मी एक अक्षर बोलले नाही. पुढे तू या गोष्टीचं काय केलंस! कंपन्यांच्या साहेबलोकांची ती मनःशांतीची शिबिरं घ्यायला लागलास, आणि प्रत्येक रिट्रीटमध्ये, अगदी प्रत्येक, पहिल्या दिवशी सकाळी तू तीच गोष्ट सांगायचास. "मेरी एक दोस्त थी. उसने मुझे कोई सलाह नहीं दी. बस बैठी रही. उस दिन मैंने सीखा कि लीडर वो नहीं जो बोले, लीडर वो है जो किसी के साथ चुप बैठ सके." सगळे लीडर माना हलवायचे. बायका डोळे टिपायच्या. मी समोर बसलेली असायचे आणि माझं नाव तू कधी घेतलं नाहीस, तेवढी अक्कल तुला होती.

आता ऐक. मी गप्प बसले कारण मला आनंद झाला होता. माझा नंबर लागला होता, दत्ता. परभणीच्या पोस्टमास्तरांच्या मुलीचा नंबर लागला होता आणि मला गच्चीवरून ओरडावंसं वाटत होतं. तोंड उघडलं असतं तर आवाजात ते आलं असतं, म्हणून दात आवळून बसले. पुढे मुख्य परीक्षेत मीही आपटले, तो भाग वेगळा. पण त्या दुपारी माझ्या मनात तुझ्यासाठी दया-माया काही नव्हती. तू त्यावर अख्खा धंदा उभारलास, आणि मी तुला खरं सांगितलं नाही. दर वर्षी वाटायचं, परतताना गाडीत सांगू. आणि दर वर्षी तू एवढा खुशीत असायचास की जाऊ दे म्हणायचे.

तुला आमच्याकडे आणलं तेही मीच. तुझी नोकरी गेली होती, आणि मी ट्रक-गोदामांच्या या कंपनीत बऱ्यापैकी वर पोचले होते. शिल्पीला तेव्हा कुणीतरी ऑफसाइट घेणारा हवाच होता. म्हटलं, माझा एक मित्र आहे, बोलतो बरा. दोन दिवसांचं काम म्हणून तू आलास आणि सहा वर्षं येत राहिलास. दत्तात्रयाचा डीके झालास. लिननचे कुडते घालायला लागलास. आणि सोहन्याच्या पुढचं ते फार्महाऊस तुझं देऊळ झालं.

काय तो थाट! गेटवर बॅनर: ग्रो, कनेक्ट, रिचार्ज. आत शिरल्याबरोबर सगळ्यांचे फोन वेताच्या पेटाऱ्यात, पेटाऱ्याला कुलूप, किल्ली तुझ्या खिशात. मग अनवाणी गवतावर चालायचं, तेही हळूहळू, टाच आधी की बोटं आधी याचं भान ठेवून. माझ्या गोदामातली माणसं रोज पाठीवर पोती घेऊन चालतात, त्यांना कुणी विचारत नाही टाच आधी की बोटं. मग तो दगडांचा कार्यक्रम. प्रत्येकाने एक गोटा घ्यायचा, त्यावर खडूने आपलं ओझं लिहायचं आणि तळ्यात फेकायचं. चढ्ढासाहेबांनी 'पापा' लिहिलं होतं आणि ढसाढसा रडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघितलं, तिथली स्वयंपाकीण बिमला तेच गोटे तळ्यातून काढून, धुऊन, उन्हात वाळत घालत होती. दुसऱ्या कंपनीची माणसं यायची होती ना! मी तुला हात धरून नेऊन ते दाखवलं. तू काय म्हणालास? "दगड तेच असले म्हणून काय झालं नंदे, ओझं तर वेगळं आहे." तुझ्या या असल्या उत्तरांना मी शेवटपर्यंत वैतागत राहिले.

आणि 'पापा' लिहून रडलेला तो माणूस सोमवारी ऑफिसला आला आणि मानेसरच्या गोदामातली एक अख्खी पाळी त्याने बंद केली. अकरा वाजता. मी समोर होते. पेन उघडताना म्हणाला, "सुनंदाजी, आय फील सो लाइट." मला तेव्हा कळलं, ही माणसं तिथे का जातात. यांची मनं जड होतात, माणसांना घरी पाठवून पाठवून. तू ती दर वर्षी धुऊन, वाळवून परत द्यायचास, बिमलाच्या गोट्यांसारखी.

यावरून आपलं गाडीत जे भांडण व्हायचं, ते दर वर्षी तिथेच, सोहना रोडच्या ट्रॅफिकमध्ये. तू म्हणायचास, "दोन दिवस का होईना, ही माणसं खरं बोलतात." मी म्हणायचे, "दोन दिवस खरं बोलून सोमवारपासून नव्या दमाने खोटं बोलतात. त्यालाच तू रिचार्ज म्हणतोस." तू हसायचास. एकदाच चिडलास. म्हणालास, "तू लोकांना सुधारायला बघतेस, म्हणून तुला कुणी आवडत नाही. मी नुसता त्यांच्याजवळ बसतो." मी म्हटलं, "जवळ बसून कुणाचं काय भलं झालंय?" त्यावर तू काहीतरी बोलणार होतास, तेवढ्यात टोलनाका आला. ते काय होतं, कोण जाणे.

खरं सांगू, माझ्या बाबतीत तू जवळ नुसता बसला नव्हतास. माझं ऑपरेशन झालं तेव्हा गुरुग्रामहून मेट्रो बदलत बदलत तू रोज मयूर विहारच्या हॉस्पिटलात यायचास, अलकाच्या हातची मुगाची खिचडी घेऊन. आणि एक मिनिट गप्प बसायचा नाहीस! नर्सशी भांडलास, शेजारच्या पेशंटच्या मुलाचं लग्न जमवायला निघालास, मला मोठ्याने पेपर वाचून दाखवलास. टाके दुखतात, हसवू नको म्हटलं तरी ऐकलं नाहीस. कुठे गेला होता तेव्हा तुझा तो मौनाचा महिमा? मला तू 'स्पेस' दिली नाहीस, गाढवा. पाणी दिलंस. चमच्याने.

आणि तुझा नियम काय? पाणी द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मौनाची बैठक. सगळे गोल, जमिनीवर गाद्या, डोळे मिटलेले. तुझ्या मांडीवर ती काशाची वाटी आणि लाकडी दांडा. आमच्याकडे परभणीला काशाच्या वाटीने तळपाय चोळतात, तुपाचं बोट लावून. तू ती वाजवायचास. एकदा वाजली की मौन सुरू, पुन्हा वाजली की संपलं. आणि मधल्या वेळात कुणी रडो, थरथरो, आडवं पडो, कुणी उठायचं नाही, हात लावायचा नाही, रुमाल द्यायचा नाही, पाणी द्यायचं नाही. ज्याचं दुःख त्याला पुरतं भोगू द्यायचं, यालाच तू 'स्पेस देणं' म्हणायचास. वाटी वाजेपर्यंत काही झालं तरी बसून राहायचं. वाटी कुणाजवळ? तुझ्याजवळ. तुलाच काही झालं तर? हा प्रश्न आयआयटी-आयआयएम करून आलेल्या या बारा डोक्यांतल्या एकालाही सहा वर्षांत पडला नाही. मलाही नाही.

या वर्षी जायच्या आदल्या दिवशी तू फोन केलास. "नंदे, या वेळी एकदा तरी नीट बस. चेष्टा नको. डोळे मिटून बस, बस एवढंच." आवाज उतरलेला होता. मी विचारलं, बरं आहे ना? म्हणालास, दोन दिवस ऍसिडिटीने छळलंय. मी म्हटलं, तुझ्या त्या क्विनोआने. आणि नीट बसेन म्हणून कबूलही केलं.

शुद्ध हवेसाठी म्हणून सोहन्याला गेलो होतो आणि धुरकं आमच्या आधी तिथे पोचलं होतं. दुपारपर्यंत जरा ऊन पडलं. जेवायला राजमा-चावल, वर गाजर हलवा, म्हणजे निम्मे लीडर गादीवर बसायच्या आधीच पेंगत होते. तू बरोबर माझ्यासमोर होतास. म्हणालास, "जो भी आए, आने दीजिए. कोई किसी को रोके नहीं." आणि वाटी वाजवलीस.

पुढे काय झालं ते सगळ्यांनी मला नंतर आपापल्या परीने सांगितलं. आमच्या फायनान्सच्या माणसाला घरघर ऐकू आली, पण त्याला वाटलं चढ्ढासाहेब घोरतायत, आणि एमडी घोरत असले तर आपण ऐकायचं नसतं. सेल्सवाल्याला काहीतरी पडल्याचा आवाज आला, त्याला वाटलं उशी. शिल्पीला तुझा श्वास जोरजोरात ऐकू आला. ती मला डोळे भरून म्हणाली, "मुझे लगा सर कुछ रिलीज़ कर रहे हैं. आय वॉज होल्डिंग स्पेस फॉर हिम." अभिमानाने सांगत होती, दत्ता. आपण किती पक्क्या बसलो, एकदाही हललो नाही, याचा अभिमान.

उठलं कोण? बिमला. ती आल्याचा चहा घेऊन आली होती. तिला तुझ्या नियमाशी काय घेणं? "अरे देखो तो! साहब को क्या हो गया!" ती ओरडली, आणि शिल्पीने, डोळे न उघडता, ओठांवर बोट ठेवून "श्श्श" केलं. ते 'श्श्श' मी माझ्या कानांनी ऐकलं, बाकीचं बिमलाने सांगितलं. बिमलाने ट्रे टाकला आणि तुला खांद्याला धरून उचलायला गेली. वाटी तुझ्या मांडीवरून घरंगळली, फरशीच्या कडेवर आपटली आणि वाजली. वाटी वाजली म्हणून मग सगळ्यांनी डोळे उघडले. दोघा-तिघांनी तर सवयीने हातसुद्धा जोडले, मौन संपलं की जोडतात तसे. चढ्ढासाहेबांच्या चेहऱ्यावर मंद हसू होतं. ते हसू जायला जेवढा वेळ लागला ना, तो मी विसरणार नाही.

मग धावाधाव. फोन पेटाऱ्यात, किल्ली तुझ्या कुडत्याच्या खिशात, आणि पडलेल्या माणसाच्या खिशात हात कसा घालायचा म्हणून बारा लीडर एकमेकांकडे बघतायत. बिमलाने स्वेटरच्या खिशातून आपला फोन काढला. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. थोडं म्हणजे किती, हे मी विचारलं नाही.

सोमवारी शिल्पीची मेल आली. पुढच्या रिट्रीटपासून मौनाच्या बैठकीला तुझं नाव देणार आहेत. ती वाटी काचेच्या पेटीत ठेवून रिसेप्शनला लावणार आहेत. चढ्ढासाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "सुनंदाजी, आप उनकी इतनी पुरानी दोस्त हैं. अगली बार सर्कल आप लीजिए. डीके यही चाहते." मी म्हटलं, बिमलाला द्या, तिला उठता येतं. त्यांना वाटलं मी दुःखात बोलतेय. खांद्यावर थोपटलं त्यांनी माझ्या. वाटी मात्र मी शिल्पीच्या टेबलावरून सरळ उचलून पर्समध्ये टाकली आणि घरी आणली. चोरी तर चोरी.

इथपर्यंत लिहून चार दिवस पानं तशीच पडली होती. हे सगळं अलका अंकात वाचणार, आणि आधी तोंडाने सांगायची हिंमत आपल्यात नाही, याची शरम वाटायला लागली. दुसऱ्यांना नावं ठेवायला मी पहिली. म्हणून काल दुपारी वाटी घेऊन तुझ्या घरी गेले.

अलका तुझे कुडते घड्या करून पिशव्यांत भरत होती. चहा करते म्हणाली, मी नको म्हटलं. तिच्यासमोर पलंगावर बसले आणि म्हटलं, "अलका, दत्ता ध्यानात गेला नाही. त्याला त्रास झाला. आम्ही उठलो नाही." आणि मग सगळं सांगितलं, वाटीपासून पेटाऱ्यापर्यंत. ती घड्या घालत राहिली. एक कुडता तिने तीनदा उलगडून परत घातला.

"किती वेळ?" तिने विचारलं.

"खरंच माहीत नाही गं."

"आणि सगळ्यांनी डोळे मिटलेले."

"हो."

तिने मान वर केली. मग म्हणाली, "तुमचेसुद्धा?"

अलका मला ओळखते. तूच घरी जाऊन सांगायचास ना, नंदी दर वर्षी डोळे उघडे ठेवून बसते आणि मला वेडावते म्हणून. तिला खोटं सांगता आलं असतं. या वेळी दत्ताला कबूल केलं होतं, म्हणून मिटले होते, असं म्हणता आलं असतं, आणि तिने ते मानलंही असतं.

"नाही," मी म्हटलं. "माझे उघडे होते. मी बघितलं त्याला. छातीवर हात ठेवलेला, घाम आलेला, तोंड वाकडं झालेलं. मला वाटलं, नाटक करतोय. सगळ्यांनी रडावं म्हणून आधी स्वतः रडून दाखवतोय. मला त्याचा राग आला, अलका. इतका घसरला हा, असं वाटलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी भुवई उडवली."

"म्हणजे?"

"म्हणजे, पुरे कर."

अलकाने हातातला कुडता खाली ठेवला. वाटी मी पलंगावर ठेवली होती, ती उचलून तिने कपाटात, साड्यांच्या मागे टाकली. मग म्हणाली, "ताई, आज तुम्ही जा." मी चपला घातल्या. लिफ्ट यायला उशीर लागला, ती दारातच उभी होती. म्हणाली, "आईंना मी काही सांगणार नाही. मंडळाचा अंक बार्शीला जात नाही ना?" मी म्हटलं नाही. "मग लिहा," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. परत या म्हणाली नाही. म्हणायला हवंच असं काही नाही.

एक गोष्ट मात्र तिलाही सांगितली नाही. ती वाचेल इथे, वाचू दे. मी भुवई उडवल्यावर तू डावी भुवई उडवलीस. उडवायला गेलास, ती अर्ध्यावरच थांबली, पण मला तेवढं पुरलं. वाटलं, झालं, गडी ठीक आहे, उलट उत्तर देतोय. आणि मला एकदम तुझी दया आली रे. फोनवर किती अजिजीने बोलला होतास. सहा वर्षं हा माणूस आपल्याकडे एकच गोष्ट मागतोय, देऊन टाकावी, असं वाटलं. आणि मी डोळे मिटले. फटसुद्धा न ठेवता, खरोखर मिटले.

पाठीवर ऊन होतं. कुठेतरी पक्षी ओरडत होता. कुणीतरी घोरत होतं, पण मला त्याचाही राग आला नाही. ट्रक, गोदाम, चढ्ढा, बंद केलेली पाळी, काही म्हणजे काही डोक्यात नव्हतं. दर वर्षी परतताना गाडीत तू विचारायचास, "नंदे, शांत वाटलं का गं?" आणि मी म्हणायचे, "डोंबल वाटलं, भूक लागलीय." या वर्षी विचारलं असतंस तर मी हो म्हणाले असते.